बांधून ठेवलेली ओळ

एका इंग्रजी क्रियापदावर सबंध बोलपटसृष्टीचा निकाल लावणारा माणूस सोलापुरात एकच झाला, आणि त्याचा मजकूर दर आठवड्याला तपासण्याचे काम माझ्याकडे होते. हे गृहस्थ एका गिरणीत टाइमकीपर होते. भोंगा झाल्यावर फाटकातून आत येणाऱ्यांची वेळ लिहून ठेवणे ही त्यांची नोकरी, आणि आमच्या साप्ताहिकात चित्रांची परीक्षणे लिहिणे ही हौस. गावात सगळे त्यांना टाइमसाहेब म्हणत. ते क्रियापद म्हणजे ‘ड्रॅग’. चित्र पौराणिक असो, सामाजिक असो, की तलवारबाजीचे असो, परीक्षणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेले: ‘हे चित्र मध्यंतरानंतर फार ड्रॅग करते.’ ते मी इतक्या वेळा वाचले की पुढेपुढे माझे डोळे त्यावरून न थांबता निघून जात. या सवयीची शिक्षा नंतर भलत्यालाच झाली.

मराठीत शब्द आहेत, असे मी सुरुवातीला सुचवून पाहिले. लांबते म्हणा, रेंगाळते म्हणा. टाइमसाहेबांनी चष्मा काढून कोटाला पुसला. “रेंगाळतं ते वासरू. ते आपल्या खुशीनं रेंगाळतं. चित्र ड्रॅग करतं म्हणजे पुढं कुणीतरी ओढतोय आणि मागं आपण फरफटतोय. तुमच्या रेंगाळण्यात आमची ढोपरं कुठं फुटतात?” मी पडलो साधा उपसंपादक. मी नाद सोडला.

हे क्रियापद त्यांनी चित्रांपुरतेच ठेवले असते तरी चालले असते. पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना खालच्या आवाजात सांगितले, “गुरुजी, तिसऱ्या अष्टकापासून ड्रॅग करताय.” पंगतीत मठ्ठा उशिरा आला की तोच शेरा. थिएटरात ते शुक्रवारी पहिल्या खेळाला जात आणि दर थोड्या वेळाने काडी ओढून खिशातले घड्याळ बघत. मागच्या बाकांवरून गिरणीचीच माणसे ओरडत, “ओ टाइमसाहेब, इझवा की ती काडी! राणीचं तोंड दिसंना!” टाइमसाहेब मान न वळवता म्हणत, “राणी सात मिनिटं त्याच खिडकीत उभी आहे. काही हुकत नाही तुमचं.”

आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला एक वयस्क चाचा होते. त्यांनी टाइमसाहेबांचे ते वाक्य एकदा जुळवले, दोऱ्याने बांधले आणि कोपऱ्यात ठेवून दिले. “हर हफ्ते कायकू जोडना, साब? बांधके रख दिया.” परीक्षण आले की चाचा बाकीचा मजकूर जुळवत आणि शेवटी ती बांधलेली ओळ उचलून लावून टाकत. अनेक वर्षे कोणाचेच काही बिघडले नाही.

मग एका आठवड्यात टाइमसाहेबांना एक चित्र आवडले. आपण घड्याळ काढायलाच विसरलो, असे त्यांनी लिहिले आणि शेवटचे वाक्य लिहिले नाही. चाचांना वाटले, साहेब विसरले. त्यांनी ओळ लावून टाकली. मुद्रित तपासायला माझ्याकडे आले, आणि माझे डोळे नेहमीप्रमाणे त्यावरून निघून गेले. अंक बाहेर पडला तेव्हा दोन स्तंभ स्तुती होती आणि तळाशी ते वाक्य.

गावातल्या दोन्ही थिएटरांचा मालक एकच. काड्यांनी तो आधीच कावला होता; आता स्तुतीच्या तळाशी तो शेरा म्हणजे आपली थट्टा, असे त्याने घेतले. “ह्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका,” असे त्याने द्वारपालांना बजावले.

मला मनातून बरे वाटले, हे इथे नोंदवतो. तरीही रीत म्हणून त्या शुक्रवारी संध्याकाळी मी टाइमसाहेबांच्या घरी गेलो आणि चूक चाचांची व माझी असल्याचे मालकाला कळवतो म्हणालो. “चाचांचं नाव काढू नका,” ते म्हणाले. “तो मालक तुमच्या छापखानेवाल्याचा व्याही आहे. उद्या म्हातारा घरी बसेल. खाली नाव माझं होतं ना? झालं तर.”

इतक्यात आतून त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, बाहेर आल्या. तांबडे आलवण, डोक्यावरून पदर, हातात तांदळाचे सूप. “आज शुक्रवार ना रे? मग तू घरी कसा?”

टाइमसाहेबांनी खिशातले घड्याळ काढून त्याला किल्ली द्यायला घेतली.

अक्का अकराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. आई गेल्यावर या भावाला त्यांनीच वाढवले. केशवपन झालेल्या बाईने थिएटरात बसणे त्या काळी कल्पनेतही नव्हते. म्हणून शुक्रवारी हे चित्र बघत आणि शनिवारी दुपारी, अक्का तांदूळ निवडत असताना, सगळे सांगत. नुसती कथा सांगून सुटका नसे. राजकन्या नदीकाठी बसली म्हटले की अक्का विचारत, “बसली म्हणजे कशी? पाय पाण्यात सोडून? लुगड्याचा काठ भिजला असेल की.” राणीची ती खिडकीतली सात मिनिटेही या माणसाला डोक्यावर घेऊन घरी यावे लागे.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे जाऊन चूक माझ्या एकट्याची म्हणून सांगितले. “चूक तुमची, मान्य,” तो म्हणाला. “काड्यांचं काय?” महिनाभर बंदी कायम राहिली.

ते चार शनिवार चित्र बघून ते अक्कांना सांगायला मी गेलो. पहिल्या दिवशी मी सांगितले, “जहागीरदाराच्या मुलाने गरीब मुलीशी लग्न केले. वडील प्रथम नाराज होते. नंतर राजी झाले.”

अक्कांचा सुपातला हात थांबला. “संपलं?”

टाइमसाहेबांनी घड्याळ पाहिले. “अर्धं मिनिट.”

“भाऊ,” अक्का मला म्हणाल्या, “तुमच्या चित्रात माणसं बसत नाहीत का हो कुठंच?”

वीस वर्षे मी बातम्या कापल्या होत्या. मला दुसरे काही येत नव्हते. चौथ्या शनिवारी मात्र मी लुगड्याचा काठ, चुलीजवळचा तांब्या आणि नायिकेने पुसलेले डोळे वहीत टिपून नेले. त्या दिवशी तांदूळ निवडून संपले तरी अक्का उठल्या नाहीत.

बंदी उठली. पहिल्याच परीक्षणात ते क्रियापद परत आले आणि मी परत कंटाळलो.

काही वर्षांनी अक्का गेल्या. दिवस झाल्यावर टाइमसाहेबांनी परीक्षण आणून दिले. ते चित्र मीही पाहिले होते; त्यात नायिका मध्यंतरापासून शेवटपर्यंत खाटेवर पडून होती. परीक्षणाच्या शेवटी काहीच नव्हते. मी विचारले, “हे ड्रॅग करत नाही?”

“करत असेल,” ते म्हणाले. “मला आता कुठं न्यायचंय ते?”

चाचांनी बांधलेली ओळ माझ्यापुढे आणून ठेवली. दोरा शाईने काळा पडला होता. “सोडू क्या, साब? खिळे कम पडते.” खिळे खरोखरच कमी पडत होते. तरी मी राहू द्या म्हणालो, आणि चाचांनी ती ओळ पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवली.