बाकांखालची धूळ

माझ्या भावोजींइतका नम्र माणूस आमच्या चर्चच्या मंडळीत दुसरा नाही. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांनीच मला सांगितलंय.

भावोजींचं चष्म्यांचं दुकान आहे. अख्ख्या गल्लीच्या नाकावर त्यांनी दिलेला चष्मा, त्यांच्या स्वतःच्या नाकावर मात्र काही नाही. साठीला टेकले तरी "माझी नजर अजून शाबूत आहे" हा हेका. माझ्या ताईने एकदा चष्म्याचा विषय काढला, तर चार दिवस त्यांनी बायकोशी अबोला धरला.

अकरा वर्षांपूर्वी पाळकांनी नम्रतेवर उपदेश केला आणि तो भावोजींनी फारच मनावर घेतला. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते चर्च झाडू लागले. गाजावाजा अजिबात नाही. फक्त घरचा लांब दांड्याचा झाडू खांद्यावर टाकून भर रस्त्याने जायचे. चर्चमध्ये चार झाडू होते. कुणी विचारलंच तर खाली बघत म्हणायचे, "आपण कोण? प्रभूच्या दारातले चाकर." विचारणारा घाईत असला तर त्याच्याबरोबर चार पावलं चालून सांगायचे.

यंदा पाळकांनी ठरवलं की रविवारच्या उपासनेत त्यांचे आभार मानायचे. भावोजींनी तीनदा नकार दिला. चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही, तेव्हा स्वतःच जाऊन वेळ विचारून आले. मग 'मी तर धुळीचा कण' असं भाषण पाठ केलं. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो का ते बघायला माणूस हवा, म्हणून शनिवारी चार वाजता मला धरून चर्चमध्ये नेलं.

दार उघडंच होतं. तिसऱ्या बाकाखाली ताई गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. शेजारच्या बादलीत काळं पाणी.

"काय सांडलं गं?" भावोजींनी विचारलं.

"काही नाही."

"मग? मी आत्ताच तर सगळं झाडून गेलो."

"हो, मधलं स्वच्छ आहे," ताई म्हणाली. "बाकांखालचं तुम्हाला दिसत नाही."

"हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही झाडायला लागल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"चष्म्याचं सांगून बघितलं होतं."

भाषणाची तालीम राहिली. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली, आणि धाकधूकही वाटली. उद्या हे काय करणार? गप्प राहून आभार घेतले असते तरी ताई काही बोलणार नव्हती, आणि माझं कोण ऐकतंय?

रविवारी पाळकांनी बोलावलं तसे भावोजी उठले. "बाकांखाली मी कधी झाडलंच नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षं ते हिने केलं. आभार हिचे माना."

सगळे गहिवरले. मागून कुजबुज आली, "बघा, किती नम्र माणूस!" ती भावोजींच्या कानावर गेली आणि त्यांचा चेहरा फुलायला लागला. आता धुळीचा कण येणार, असं मला वाटलं. तोंड उघडलंही त्यांनी. मग ताईकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खाली बसले.

पुढच्या शनिवारपासून झाडू घरीच राहिला. भावोजी चष्मा लावून, मागच्या बोळाने, ताईबरोबर चर्चला जातात आणि बाकांखाली तेच शिरतात. पहिल्या दिवशी ताईने फडकं पुढे केलं, तर ते तिच्या बोटांकडेच बघत राहिले. नुसत्या भेगा. "हे कधीचं?" त्यांनी विचारलं. ताईने फडकं त्यांच्या हातात दिलं.

आता रस्त्यावर झाडू दिसत नाही, म्हणून मंडळीत वेगळीच चर्चा सुरू आहे. "आभार मानून घेतले आणि झाडू सोडला. डोक्यात हवा गेली त्यांच्या!"

माझं डोकं तापलं. शनिवारी चर्चमध्ये जाऊन भावोजींना म्हणालो, "एकेकाला गाठून खरं काय ते सांगतो."

ते चौथ्या बाकाखाली होते. फडकं एकाच जागी खसाखसा फिरत राहिलं. मग थांबलं.

"म्हणू देत," ते आतूनच म्हणाले.

ताईने वाकून पाहिलं. "डावीकडचा कोपरा राहिलाय."

"दिसतोय," भावोजी म्हणाले.