सरळ हाय ना?

मंचरच्या स्टँडवर आप्पांनी माझी बॅग जीपच्या टपावर बांधली आणि दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. उभा जन्म बैलगाडा जुंपण्यात गेलेल्या माणसाची गाठ होती ती, सुटणार नव्हती. पण हाताला काहीतरी काम हवं होतं. जीप मुंबईच्या विमानतळावर जाणार होती आणि तिथून मी जपानला. आमच्या लोणी गावातून तिकडं जाणारा मी पहिलाच, त्यामुळे निरोपाला आलेल्या प्रत्येकाकडे जपानची पक्की माहिती होती. आप्पांचे जिवलग शिवातात्या सगळ्यांना सांगत होते, "लई थंडी आसती तिथं. घ्यावीच लागती. नाय घेतली तर रगात गोठतं!" हे ऐकलं आणि आईनं पदर तोंडाला लावला, तो जीप सुटेपर्यंत काढला नाही.

ती मी चाललो म्हणून रडत नव्हती. आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना ती म्हणाली होती, "एक हितं पितोय, दुसरा तिकडं पिनार. म्या कुनाकुनाच्या वाटंकडं डोळं लावू?" आप्पा तेव्हा उंबऱ्यात बसले होते. उठून गोठ्याकडं गेले. स्टँडवर मात्र त्यांनी मला चहाच्या टपरीमागं नेलं आणि इकडं तिकडं बघत म्हणाले, "बाळू, तू तिकडं हात लावू नको. म्या हिकडं लावत नाय. झालं."

मी हसलो. "आप्पा, जमेल तुम्हाला?"

"तुला जमंल का ते सांग."

जमणार होतं की नाही, मला तरी कुठं ठाऊक होतं. भोसरीत नोकरीला होतो तेव्हा खोलीवरच्या पोरांबरोबर बिअर घेतली होती आणि खोटं कशाला सांगू, आवडली होती. तरी आप्पांच्या पुढं केलेल्या हातावर मी हात ठेवला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी पंचविशीचा होतो, आणि त्या वयात शब्द द्यायला काहीच लागत नाही.

आप्पांच्या पिण्याबद्दल इथंच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. ते पिऊन कधी कुणावर हात उचलणारे नव्हते. ते बसायचे. आमच्याकडं पितो असं कुणी म्हणत नाही, बसतो म्हणतात. आप्पांची एक बैलजोडी आणि शिवातात्यांची एक, असे चार बैल मिळून त्यांचा गाडा व्हायचा. यात्रेच्या हंगामात शर्यतीसाठी आज या गावचा घाट, उद्या त्या गावचा. बारी, म्हणजे आपल्या गाड्याची धाव, चांगली गेली की त्या आनंदात बसायचं, घोटाळा झाला की त्या दुःखात बसायचं. पाऊस पडला नाही म्हणून बसायचं आणि पडला म्हणूनही. त्या बैठकीत आप्पा गवळणी म्हणायचे, बैलांच्या चाली करून दाखवायचे. घरी आले की गप्प व्हायचे आणि आईनं वाढलेलं ताट तसंच ठेवून झोपायचे. गावाला माहीत असलेला हसरा माणूस आईच्या वाट्याला फारसा आलाच नाही. तिचा राग दारूवर कमी आणि त्या बैठकीवर जास्त होता, असं मला आता वाटतं.

नागोयाजवळच्या एका कारखान्यात मी डाय डिझाइनचं काम करत होतो. तिथं गेल्यावर कळलं की शिवातात्या अगदीच चुकीचं सांगत नव्हते. रक्त गोठलं नाही, पण माणसं गोठायची. दिवसभर एका शब्दाला दुसरा न जोडणारे लोक कामावरून सुटल्यावर हॉटेलात मांडी घालून बसले की मोकळे व्हायचे. तिथली रीत अशी, की आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्यानं आपला भरायचा, आपण शेजाऱ्याचा. मग ग्लास उंचावून सगळे मिळून "कांपाई!" माझ्या हातात ऊलाँग चहा असायचा, बिनदुधाचा, रंगानं थेट व्हिस्कीसारखा. मी सगळ्यांचे ग्लास भरायचो आणि माझ्या चहाचं काय करायचं हे कुणाला समजायचं नाही. सुरुवातीला पोटाच्या विकाराचं कारण सांगून वेळ मारून नेली. एकदा आमचे साहेब मोरी-सान यांनी सरळच विचारलं तेव्हा मीही सरळच सांगितलं, की वडिलांना शब्द दिला आहे आणि त्यांनी मला दिला आहे.

मोरी-साननी हातातली बाटली खाली ठेवली आणि मान लववली. त्यानंतर त्यांनी मला कधी आग्रह केला नाही. पण त्या लोकांची पहिली बैठक उठली की दुसऱ्या ठिकाणी दुसरी बसते, मोजक्या माणसांची. तिथं मला बोलावणं बंद झालं. अपमान म्हणून नाही, अदब म्हणून. कुणाला कुठलं काम द्यायचं, कुणाला वर घ्यायचं, हे तिथंच ठरायचं. माझ्यामागून आलेली पोरं पुढं गेली. मी खोलीवर येऊन वरण-भाताचा कुकर लावायचो. शिट्ट्यांवर शेजारची म्हातारी भिंत ठोकायची, तेवढाच कुणाशी संबंध.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गावातून उठून गेले, कुणी दुबईला, कुणी नुसतं हिंजवडीला, त्यांनी हे भोगलंच असेल. नाही म्हटलं की आधी थट्टा, मग कौतुक, मग खुर्ची हळूच कडेला. शेवटी मैफलीत आपण फक्त सगळ्यांना घरी सोडण्यापुरते उरतो.

गावात फोन होता तो शेटजींच्या दुकानात. शेटजींचं घराणं मूळ राजस्थानचं, जैन, पण बोलणं आमच्यापेक्षा अस्सल. दारू कशी सोडावी म्हणून ते सगळ्यांना आप्पांचं उदाहरण द्यायचे. आप्पांना ते आवडायचं नाही. "त्यांच्यात कुनीच घेत नाय, त्यांला काय व्हतंय न घ्यायला?" असं म्हणायचे. शेटजींचं न पिणं जन्माबरोबर आलेलं होतं. आप्पांना रोज दिवस मावळताना नव्यानं सोडावी लागायची.

आठवड्याच्या फोनवर पीकपाणी, बैल, आईचे गुडघे असं सगळं झालं की शेवटी आप्पा आवाज उतरवून विचारायचे, "सरळ हाय ना?"

"सरळ. तुमचं?"

"आमचं बी सरळ."

एवढंच. शेटजींना वाटायचं तब्येतीचं विचारतात. त्या दोन शब्दांवर मी पुढचा आठवडा काढायचो. हॉटेलात चहाचा ग्लास धरून बसलेलो असताना मला वाटायचं, आप्पाही आत्ता ओसरीवर असेच बसले असतील, आणि मग तितकं एकटं वाटायचं नाही.

ते खरोखरच तसे बसलेले असायचे. पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा दिसलं. आई अंगानं भरली होती, घराला रंग दिला होता. "तुझ्या जपाननं माझा संसार सरळ केला," असं म्हणून तिनं माझी दृष्ट काढली. आप्पा वेळेवर जेवत होते, आणि जेवून ओसरीवर बसत होते. एकटे. गोठ्यात एकच म्हातारा बैल होता. मी विचारलं तर म्हणाले, "वय झालं बैलांचं." शिवातात्यांनी आपली जोडी पारगावच्या कुणाबरोबर जुंपायला सुरुवात केली होती. भांडण झालं नव्हतं. बारी झाल्यावर बसायचं तर तिथं न पिणारा माणूस डोळ्यांत खुपतो, त्याच्यासमोर मोकळं बोलवत नाही. आप्पा थोडे दिवस गेले, कडेला बसले, घरी आले. मग घाटात जायचेच थांबले. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. आईचं हसणं पाहून मीच खूश होतो.

पुढं काही वर्षांनी असाच सुट्टीवर होतो. शिवातात्या अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. दुपारची वेळ. आप्पा बाहेरून आले, माझ्याजवळ खाटेवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाळू, खरं सांगशील?"

"काय आप्पा?"

"तिकडं कधी... सायबानं बळंच दिली, थंडी लई व्हती, आसं कधी?"

माझी छाती फुगली. इतकी वर्षं या प्रश्नाचीच तर वाट बघत होतो. "नाही आप्पा. एकदाही नाही."

"एकदा बी नाय?"

"तुमची शपथ."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय ते अभिमानानं. "बरंय," म्हणाले, टोपी घातली आणि पुन्हा तात्यांकडं गेले. महिनाभरात तात्या गेले.

त्यानंतर आप्पा फार दिवस राहिले नाहीत. ओसरीवर बसल्या जागी हृदय बंद पडलं. मी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी शिवातात्यांच्या पत्नी चंद्राकाकू आल्या आणि गोठ्यापाशी मला एकट्याला गाठून बोलल्या.

"तुला ठावं नसंल म्हनून सांगते. आमच्या मान्साची शेवटची विच्छा व्हती, आप्पासंगं एकदा बसायचं. चपटी आनून ठिवलेली, दोन गिलास मांडलेलं. आप्पा म्हनला, 'पोराला इचारून येतो. त्यानं तिकडं घेतली आसंल तर माजा बी शब्द सुटला.' आला तवा तोंड एवढंसं. गिलासात पानी घेतलं अन् बसला. आमचं मानूस म्हनलं, 'पान्यानं काय व्हतंय रं?' तर तुझा बाप रडला."

मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. माझ्या 'नाही'वर मी इतकी वर्षं जगलो, आणि त्या दुपारी आप्पांना माझ्याकडून फक्त एक 'हो' हवं होतं.

दहावा पारगावला घोड नदीच्या काठी केला. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिले. कावळे होते, बाभळीवर भरपूर होते, पण एक खाली उतरेना. पद्धतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन गेलेल्याला शब्द देऊ लागला. चुलत्यांनी सांगितलं, रान पडीक ठेवणार नाही. मी सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं. मागून गाड्याच्या मंडळींतलं कुणीतरी म्हणालं, "अरं, वाईच देशी ठिवा शेजारी. लगीच यील बघा."

आई ताठ उभी राहिली. "न्हाई. सोडली व्हती त्यांनी," ती म्हणाली. मी तिचा इतका करारी आवाज कधी ऐकला नव्हता.

मग मी पुन्हा पुढं झालो. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "आप्पा, घेतली व्हती मी. एकदा घेतली व्हती. तुमी सुटलात."

आम्ही बाभळीकडं बघत राहिलो. कावळे बघत होते, पण कुणी आलं नाही. लहानपणापासून माझं खोटं आप्पांना चेहऱ्यावरून कळायचं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले.

आप्पांना काही ते पटलं नाही. आईला पटलं. परतताना ती माझ्या शेजारी चालली नाही, चंद्राकाकूंच्या खांद्याला धरून पुढं गेली. घरी आल्यावर तिनं मला ताट वाढलं, आणि ज्या नजरेनं ती आप्पांच्या ताटाकडं बघायची त्याच नजरेनं दाराशी बसून माझ्या ताटाकडं बघत राहिली. मी सगळं खाल्लं. निघायच्या आधी तिला खरं सांगितलं, की आई, मी खोटं बोललो, ते आप्पांसाठी होतं, मी कधीच हात लावलेला नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आसू दे रं," म्हणाली, "तुझा बाप बी आसंच म्हनायचा."

मी अजून नागोयालाच आहे. हॉटेलात माझ्यापुढं न विचारता ऊलाँग चहा येतो. आता मला कुणाचा शब्द आडवा येत नाही. मोरी-सान निवृत्त झाले त्या रात्री सगळ्यांनी त्यांना एकेक घोट ओतला, मीही ओतला, आणि त्यांनी बाटली माझ्याकडं वळवून नुसतं बघितलं. एक घोट घेतला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. पण मी ग्लासावर हात ठेवला. मी प्यालो तर आईचं खरं होईल, आणि ती चुकली आहे एवढाच एक आधार मला उरला आहे.

तुम्ही जे लोणीत राहिलात, ते म्हणता की घरी ये, आता तुझं तिकडं आहे कोण. खरं आहे. पण इकडं कुणी नाही आणि तिकडं गोठा रिकामा आहे. आईकडं मोबाईल आलाय, ती दर रविवारी फोन करते. आप्पा होते तेव्हा तिनं कधी हे विचारलं नव्हतं. आता सगळं बोलून झालं, गुडघे झाले, कांद्याचा भाव झाला, की ती आवाज उतरवून विचारते, "सरळ हाय ना?"

"सरळ," मी म्हणतो.

ती थोडा वेळ गप्प असते. मागं शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येतो, एखादं कुत्रं भुंकतं. माझं घर आता तेवढंच उरलंय, त्या गप्प बसण्याएवढं. मग ती म्हणते, "बरंय," आणि फोन ठेवते.