खिडकीतल्या दिव्याचा पुकारा

मातीच्या तव्यावरची रव्याची पहिली भाकर उलटायला झाली होती, तेवढ्यात दार वाजलं. खैराचा हात जागीच थांबला. शेजारीण आली तर दार ढकलून थेट चुलीपाशी येते, आणि मुलगा ओरानहून निघाला की आधी फोन करतो. म्हणजे हे कुणीतरी परकं. अंगणात डाळिंबाखाली तिचे यजमान बेनऔदा खुर्चीची सैल झालेली दोरी आवळत बसले होते. दार त्यांच्यापासून चार पावलांवर होतं, पण त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

गळ्याच्या ऑपरेशननंतर हे असंच चाललं होतं. त्यांचा आवाज आता करपलेल्या पातेल्याचा तळ खरवडावा तसा यायचा, आणि तो परक्याच्या कानावर पडू नये म्हणून ते दार उघडतच नसत. हा माणूस एकेकाळी रेलिझानच्या आठवडी बाजाराचा बर्राह होता, पुकारे देणारा. कुणाचं गाढव हरवलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या मुलाची सुंता आहे, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. आणि उन्हाळ्यात लग्नं सुरू झाली की ते शेखांच्या, म्हणजे लग्नांत गाणाऱ्या बायकांच्या, ताफ्याबरोबर शेताशेतांवर जायचे. गाणं रंगात आलं की पाहुणा उठायचा, नोट पुढे करून बर्राहच्या कानात सांगायचा. बर्राह हात वर करायचा, ढोल थांबायचा आणि त्या पाहुण्याचा सलाम सगळ्या मांडवाला ऐकू जायचा. आपल्याकडची दौलतजादाच म्हणा. त्या पुकाऱ्याखेरीज मांडवात गाणं थांबवायची छाती कुणाची नव्हती.

खैरानं ओढणी सारखी केली आणि दार उघडलं. बाहेर तिघं उभे होते. पुढे शिंपी अद्दा, त्याच्यामागे बसवाला मिलूद, आणि सगळ्यांत मागे पोटाशी टेपरेकॉर्डर धरून शाळेतल्या नूरियाबाई. हे तिघं दर गुरुवारी अद्दाच्या दुकानामागच्या खोलीत बसून शेखा मख्तारियाच्या जुन्या कॅसेट ऐकतात, हे खैराला ठाऊक होतं. न्हायला हमामात भेटली की अद्दाची बायकोच सांगायची, की मेलेल्या बाईचा श्वाससुद्धा याला ऐकू येतो आणि मी मीठ संपलं म्हणून तीनदा सांगितलं तर ते ऐकू येत नाही.

“काकी, काका आहेत ना घरी?” अद्दानं विचारलं. काका त्याला समोरच दिसत होते.

कॉफी आली, भाकर आली, लोणी आलं, आणि मग कामाचं बोलणं निघालं. गावातल्या संस्कृती भवनात मख्तारियाच्या आठवणीची संध्याकाळ होणार होती. तिथं वाजवायला हे तिघं तिची गाणी साफ करून नव्यानं उतरवून घेत होते. सगळी झाली होती, एक अडलं होतं. ‘विहिरी, पाणी सोड’ हे गाणं मख्तारियानं शंभर ठिकाणी गायलं, पण चाळीस वर्षांपूर्वी यल्लेलजवळच्या एका शेतावर, लग्नात, ती गायली तसं कुठंच नाही. त्याची ही एकच कॅसेट. आणि तिच्यात ऐन मधे एक पुकारा.

अद्दाचं म्हणणं, पुकारा कापावा. रेशमावर गोणपाटाचं ठिगळ कशाला? बाकी दोघांचं म्हणणं, त्या पुकाऱ्यानंतरच गाणं बदलतं, तेव्हा तो गाण्याचाच भाग. भांडून भांडून शेवटी त्यांचं असं ठरलं होतं, की पुकाऱ्याचा गाण्याशी काही संबंध असला तर तो राहील, आणि कुण्या बड्या शेतकऱ्याची नुसती मिरवामिरवी असली तर जाईल. तो आवाज बेनऔदांचा आहे असं मिलूदला एका म्हाताऱ्या प्रवाशानं सांगितलं होतं. उद्या कॅसेट ओरानला स्टुडिओत जायची होती. म्हणून आज सकाळीच दार वाजवलं.

बेनऔदांनी कपातली कॉफी गोल फिरवली. “लावा,” ते म्हणाले. त्या एका शब्दानंच नूरियाबाईंनी चमकून वर पाहिलं. टेपवरचा आवाज त्यांनी शंभरदा ऐकला होता. हा त्याच माणसाचा असेल असं त्यांना वाटेना.

खैरा स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. शेखांची गाणी घरात, नवरा-बायकोनं एका जागी बसून ऐकायची, ही रीतच नव्हती. बर्राह आपल्या बायकोला त्या लग्नांना नेत नाही आणि त्या कॅसेट घरात आणत नाही. गाढवं हरवल्याचे पुकारे तिनं पुष्कळ ऐकले होते. ढोलाच्या संगतीतला पुकारा एकही नाही.

आधी खरखर. मग दोन बासऱ्या, वाळक्या बोरूतून वारा यावा तशा. खालून ढोल, आणि त्यावर मख्तारियाचा आवाज, जाड, भाजलेला, घाई नसलेला. विहिरीला ती विनवत होती, की माझा पोहरा कोरडा वर येतोय, पाणी सोड, माझं माणूस तहानलंय. असं तीनदा झालं. आणि मग ढोल थांबला.

जो आवाज उठला त्यानं डाळिंबावरच्या चिमण्या उडाल्या.

“हा सलाम लांबून आलेल्या पाहुण्याचा! त्या घराला, जिथं खिडकीत दिवा लागलाय! ऐक, शेखा, दिवा लागलाय!”

खैरानं दाराची चौकट धरली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या ताटात वाढलं त्याचा हा आवाज होता, आणि तिनं तो असा आज पहिल्यांदा ऐकला.

टेपवर पुढं कुणीतरी खोल श्वास घेतला. एक बासरी गप्प झाली, दुसरी एकाच सुरावर ताणून राहिली. ढोल परत आला तो बोटांच्या टोकांनी, दबकत. आणि मख्तारिया जी ओळ गायली ती विहिरीच्या गाण्यात कुठंही नव्हती. वर आलाय, माझा पोहरा भरून वर आलाय, असं ती जवळजवळ कुजबुजली आणि हसली.

“बघा, इथं,” नूरियाबाईंनी टेप थांबवली. त्यांचं मत असं होतं, की ही बाई जन्मभर एकटी. ना मूल ना बाळ. दुसऱ्याच्या घरातल्या दिव्याचं नाव निघालं आणि तिचं ते दुःख वर आलं. ते हसणं हसणं नव्हेच.

मिलूदला हे पटण्यासारखं नव्हतं. त्याचा बाप स्वातंत्र्याच्या लढाईत डोंगरात होता, त्यामुळे त्याला सगळ्या गाण्यांत डोंगर दिसायचा. खिडकीत दिवा म्हणजे रस्ता मोकळा आहे, सैनिक नाहीत, ही तेव्हाची खूण. जुन्या साथीदारांना दिलेला तो सलाम होता. आणि ढोल दबकत वाजला तोही त्यासाठीच, रात्रीच्या पावलांसारखा.

“ढोलाचं कातडं दवानं सैल पडलं होतं,” अद्दा म्हणाला. “शेकोटीशी धरलं नसेल. तू पावलं काय ऐकतोस? उद्या बसचा हॉर्न ऐकशील त्यात.”

“तुला तर सगळीकडे प्रेमप्रकरणच ऐकू येतं.”

“मग काय आहे दुसरं? बाईला खिडकी दाखवणारा पाहुणा काय नमाजाला बोलावत होता?”

नूरियाबाईंनी दोघांना गप्प केलं आणि बेनऔदांकडे वळल्या. त्यांनी फार हळुवारपणे विचारलं, की काका, तो पाहुणा कोण होता, आणि ते घर कुणाचं?

बेनऔदांनी मान हलवली. पुकाऱ्याच्या आधी कानात सांगितलेलं बर्राहच्या पोटात राहतं, एवढंच ते म्हणाले. मिलूदनं समजावून पाहिलं, की काका, नाव सांगू नका, नुसतं लढाईचं होतं की नव्हतं तेवढं सांगा. अद्दानं सरळच सांगितलं, की मग मला तो कापावा लागेल, राग मानू नका. बेनऔदांचे डोळे टेपरेकॉर्डरवर गेले, तिथंच थोडे रेंगाळले, आणि मग ते साखर आणतो म्हणून उठले. साखरेचा डबा भरलेला समोर होता.

खैरा त्यांच्या आधी आत पोचली होती. तव्यावरची भाकर करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. त्या वर्षी तिचं नवं लग्न झालेलं, आणि त्यांच्या तेव्हाच्या घराला खिडकीच नव्हती.

“कुणाची खिडकी हो ती?”

“अगं, बाहेर माणसं बसलीत.”

“बसू देत. त्यांचं भांडण चाललंय, अर्धा तास संपत नाही. कुणाची खिडकी?”

बेनऔदा पिठाच्या पिंपावर बसले. बाहेर मिलूद ढोल कसा शेकतात ते अद्दाला शिकवत होता. आत ते बोलू लागले, आणि त्यांचा तो खरवडलेला आवाज कुजबुजण्याच्या कामाला मात्र पुरेसा होता.

पाहुणा कुणीच नव्हता. नोट कुणीच दिली नव्हती. मख्तारियाला मुलगी होती, दोन वर्षांची. शेखाची मुलगी म्हटल्यावर तिला कोण सून करून घेणार? म्हणून ती एका दाईकडे, दाईचीच लेक म्हणून वाढत होती. हे ताफ्यातल्या चौघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी पोरीला ताप भरला होता, डोळे फिरवत होती. मख्तारियाला लग्न टाकून जाता येईना. गेली असती तर का गेली, हे पाचशे माणसांनी विचारलं असतं. दाईचं घर समोरच्या टेकाडावर होतं. ताप उतरला तर मी माडीच्या खिडकीत दिवा ठेवीन, दाईनं सांगितलं होतं. नाही उतरला तर अंधार.

“आणि ती टेकाडाकडे पाठ करून बसलेली,” बेनऔदा म्हणाले. “पुरुषांकडे तोंड करून. गाताना वळून बघता येत नाही. बासरीवाल्यांना खिडकीतला अंधार दिसत होता, त्यांचे सूर हलायला लागले होते. मी पाणी प्यायला मांडवाबाहेर आलो आणि दिवा दिसला.”

“मग?”

“मग काय. हात वर केला.”

खैराच्या डोळ्यांसमोर तो मांडव उभा राहिला. पोहरा कोरडा येतोय म्हणून विहिरीला तीनदा विनवणारी ती बाई कुठल्या तहानेचं गात होती, ते आत्ता तिला कळलं.

“आणि लांबून आलेला पाहुणा?”

बेनऔदांच्या खांद्यांना हसू फुटलं. सगळा मांडव माना वळवून पाहुणा शोधत होता. तिथं मुआस्करचा एक ट्रॅक्टरवाला बसला होता. त्यानं सावकाश मिशीवरून हात फिरवला, झालं. लोकांनी त्याच्या दिलदारपणाचं कौतुक केलं आणि त्यानं ते घेतलं.

“ती पोरगी?” खैरानं विचारलं.

“याच गावात आहे. तिला सून आलीय. दाई गेली, आई गेली, तिला कुणीच काही सांगितलं नाही. मी या तिघांना सांगितलं तर भवनात माईकवरून सांगतील. चांगल्या मनानंच सांगतील.”

खैरानं बाहेर पाहिलं. ही माणसं वाईट नव्हती. मख्तारियाच्या एका श्वासासाठी त्यांनी रात्री घालवल्या होत्या. पण हाच अद्दा, दोन वर्षांमागे, मुलीला आलेलं स्थळ त्या मुलाची आत्या लग्नांत गाते म्हणून परत पाठवून बसला होता. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“तुमचा आवाज कापतील ते,” ती म्हणाली.

“कापू दे.”

ते पटकन म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे केलं. इतक्या वर्षांच्या लग्नात या माणसानं एका गोष्टीचा एवढा हव्यास धरलेला तिनं पाहिला नव्हता, आणि तो ते लपवायला बघत होते. बाजारातले पुकारे वाऱ्यावर गेले. लग्नातले बाकीचे कॅसेटवाल्यांनीच पुसले. गळा डॉक्टरांनी नेला. जे काही उरलं होतं ते अंगणातल्या त्या पेटीत होतं, दोन श्वासांपुरतं.

खैरानं करपलेली भाकर बाजूला ठेवली, चांगल्या भाकरीचे तुकडे केले आणि ताट घेऊन बाहेर गेली. अद्दानं लगेच ओळखलं, की आत काहीतरी बोलणं झालंय.

“काकी, तुम्हाला सांगितलं ना त्यांनी?”

“सांगितलं.”

“मग?”

“मग तुम्हाला सांगणार नाही.”

मिलूदला हसू आलं. नूरियाबाई मात्र पुढे सरकल्या, अर्धी जागा खैरासाठी मोकळी करून. त्यांनी विचारलं, की निदान एवढं सांगा, तिघांपैकी कुणाचं बरोबर आहे.

खैरानं ताट खाली ठेवलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं; ती जरा वेळ भाकरीचे तुकडेच नीट लावत राहिली.

“तुमचं कुणाचंच नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण तिच्या हसण्यापर्यंत तुम्ही तिघंही पोचलात, ते काही थोडं नाही. पुढचं एका घराचं आहे, ते घर अजून नांदतंय.”

अद्दानं कपाळावर हात फिरवला. अर्थ कळल्याशिवाय ठेवायचा म्हणजे आमच्यात ठरलेलं मोडायचं, तो म्हणाला, आणि लोक विचारतील तेव्हा सांगायचं काय?

“भांडा, रोज भांडता तसे. लोकही भांडतील.” खैरा टेपरेकॉर्डरपाशी बसली. त्यावर हात ठेवावा की नाही असं तिला झालं, मग तिनं ठेवला. आतल्या दारात बेनऔदा येऊन उभे होते, हातात साखरेचा डबा नव्हताच.

“अद्दा, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. शिलाईसुद्धा कधी कमी कर म्हटलं नाही. एक मागते. यांचा पुकारा कापू नकोस.”