आक्कांच्या आईची पाठ

आक्का आज पहाटे गेल्या.
त्यांच्या आईचा चेहरा त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. आमच्याच घरी राहायच्या.

मी ढोकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. नंबर, नावं, मोर, वाघ. नववीत शाळा सोडली तेव्हापासून हेच करतो.

एकदा आक्का म्हणाल्या, "मल्लू, सगळ्या गावाचे वाघ काढतूस. माझ्या मायचं एक चित्र काढ की."

फोटो नव्हता. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्यांच्या घरी फोटो कुठला?

आक्का सहा-सात वर्षांच्या होत्या. रझाकारांच्या भीतीनं घरचे सगळे रातोरात बार्शीकडं निघाले. हद्दीपलीकडं पोचले, आणि तिथल्या छावणीत आई तापानं गेली.

मी आक्कांना समोर बसवून त्यांचाच चेहरा कागदावर घेतला. एकेक सुरकुती पुसत गेलो. लेक आईसारखी दिसते, हा माझा अंदाज.

आक्कांनी नीट बघितलं.
"देखणी हाय. कुणाच्या घरची हाय?"

मग मोबाइलवर एका अ‍ॅपमध्ये चेहरा तयार केला.
"ही तर टीव्हीवरच्या शिरेलीतली. हिनं कधी भाकरी थापली न्हाय."

शेवटी मी विचारलं, "आक्का, डोळे मिटल्यावर तुम्हाला नेमकं काय दिसतं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.
"पाठ."

त्या वाटेवर आई म्हणाली होती, माझ्या पाठीकडं बघत चल. इकडं तिकडं बघायचं न्हाय.
आक्कांनी ऐकलं. तेवढीच पाठ आठवणीत राहिली, चेहऱ्यासकट बाकी सगळं गेलं.

ट्रॉलीचा उरलेला रंग घेतला आणि प्लायवूडवर पाठ काढली.
कडेवर आजोबा, तेव्हा तान्हे. त्यांच्या वजनानं एका बाजूला कललेली बाई. लुगड्याला खांद्यापाशी ठिगळ.
"ठिगळ उजव्या खांद्याला," एवढंच आक्का म्हणाल्या. मी बदललं.

चित्र पुरं झालं.
आक्कांनी डोक्यावर पदर घेतला.
आपलं अंथरूण उचलून चित्रासमोर टाकलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना चित्राला म्हणत होत्या, "सावकाश चल की गं. पाय दुखत्यात."

एक दिवस माकणीचा एक ड्रायव्हर ट्रॉलीवर नंबर टाकून घ्यायला आला. पाणी प्यायला आत आला आणि चित्रासमोर थांबला.
"केवढ्याला देणार?"
"विकायचं नाही."
"भाऊ, ही माझी आई हाय."

आक्का हसल्या. "तुझी कशी रे? रझाकारात तू जन्मला तरी होतास का?"
"न्हाय आजी. पण ऊसतोडीला ती अशीच पुढं चालायची. आमी लेकरं मागं."
"मग बस. बघ."

तो बसला. दोघं चित्राकडं बघत राहिले.

त्याच्यासाठी मी तसंच दुसरं काढलं. रंग तेच, माप तेच, ठिगळसुद्धा.
त्यानं घेतलं नाही. "भाऊ, ही कुणी दुसरी बाई हाय."
का, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही कळलं नाही. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून मी कितीदा ताडून बघितले. आजही कळत नाही.

तो गेल्यावर आक्का म्हणाल्या,
"त्याला त्याच्या मायचं तोंड ठावं हाय. म्हणून त्याला पाठ पुरली."
मग म्हणाल्या,
"मल्लू, आता हिला माझ्याकडं वळीव."

मी नवीन बोर्ड घेतला. मान वळवली. कान काढला. गालाची कड काढली.
पुढं हात जाईना. पुढं जे काही काढलं असतं, ते कुणा परक्या बाईचं झालं असतं.
पुसायचो. परत गालापर्यंत यायचो.

"वळली का?" रोज विचारायच्या.
"अजून नाही, आक्का."

हळूहळू त्यांची नजर गेली. बाबा मला म्हणाले, "काढ कुठलंही तोंड. आत्याला आता कुठं दिसतंय?"
मला जमलं नाही.

काल बाबांनीच तो पाठीचा बोर्ड त्यांच्यापुढं धरला.
"आत्या, वळली बघा."
आक्कांनी हात लांब केला. बोटं बोर्डावर फिरवली, मग नाकाशी नेऊन वास घेतला.
"न्हाय रे. रंग वाळल्याला हाय."

तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

आज श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो मागतायत. मोबाइलमध्ये आक्कांचे खूप फोटो निघाले. सगळे मागून काढलेले. चित्रासमोर बसलेल्या, डोक्यावर पदर.
त्यातलाच एक इथं टाकतोय. मला माफ करा, दुसरा नाही.

माती दुपारी आहे. जमेल त्यांनी या.

आक्का, सावकाश जा. ती पुढंच असेल.
वळली का, ते मला आता कोण सांगणार.