बाईमाणूस असेल तर जागा

महिन्यापूर्वी गावाहून पुतण्याचा फोन आला, "अक्का गेली." अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नव्वदीच्या घरात होती. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेली. दहाव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "अक्कांनी तुमच्या शिक्षणासाठी केवढा त्याग केला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्याग करायचा तर आधी कुणी विचारावं तरी लागतं... अक्काला कुणीच विचारलं नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत पहिला मी.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. जळगावात कॉलेज नुकतंच निघालं होतं, पण आमचं गाव वरणगावच्या पलीकडे. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आणि मी आठ दिवस कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्या पालथ्या घालत हिंडलो. जागा होत्या, हव्या तितक्या होत्या, पण सडाफटिंग पोराला कुणी दारात उभं करीना. एकाने जात विचारली, मग पोटजात, मग आईचं माहेर. दुसऱ्याने मला खालीवर न्याहाळलं आणि "आमच्या घरात पोरी आहेत" म्हणून दार लोटून घेतलं. तिसऱ्याने जिन्याखालची, मान वर करता येत नाही अशी खबदाड दाखवली आणि भाडं असं सांगितलं की जणू बंगलाच देतोय. आबांच्या धोतराला वाटेची धूळ लागलेली, म्हणून ओसरीवरसुद्धा बसू न देणारे महाभाग भेटले. तोंडाने मात्र सगळे "या पाहुणे, या पाहुणे". त्या गोड बोलण्याचा मला आजही वीट आहे.

शेवटी कापसाचे एक अडते भेटले. सगळे त्यांना नाना म्हणत. घरामागे गोठ्याला लागून त्यांची पत्र्याची एक खोली होती. तिची एकुलती एक खिडकी टोपलीच्या संडासाकडे उघडायची. नाना म्हणाले, "पोरांना जागा देऊन हात पोळलेत आमचे. बाईमाणूस असेल तर बोला. भाड्याचं म्हणाल, तर तुम्हाला जड जाईल असं घेणार नाही." आबा हरखले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे हात जोडून म्हणाले, "माझी बहीण येईन पोराजवळ. तुमच्याच घरचं मानूस समजा तिले." हे आपलं बोलायचं असतं. बोलणारा तसं देत नाही आणि ऐकणारा तसं घेत नाही, निदान आमच्या गावात तरी. नानांनी ते घेतलं. परतीच्या वाटेवर आबा म्हणत होते, "देवमानूस हाय!"

अक्का तेव्हा चाळिशीतली. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आबांनी सांगितलं "जा", आणि ती आली. पहिल्या आठवड्यातच मालकीणबाईंची हाक आली, "अक्का, जरा हात लावता का?" ते 'जरा' दोन वर्षं संपलं नाही. पहाटे त्यांच्या जात्यावर दळण, मग गोठ्यातलं शेण, गोवऱ्या, दुपारी धान्य निवडणं. भाडं स्वस्त का, ते मला महिन्याभरात समजलं होतं. न समजायला मी काही लहान नव्हतो. एकदा तिला म्हटलं, "अक्का, एवढं कशाला करतेस?" ती म्हणाली, "आरे, नाही म्हनलं तं खोली सोड म्हनतीन. मंग तू कुठी जाशीन?" मला उत्तर नको होतं, दिलासा हवा होता, तो मिळाला. मी पुस्तक उघडलं.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात नानांच्या मुलीचं लग्न निघालं. पंधरा दिवस अक्का त्यांच्या गच्चीवर होती. उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे, भर उन्हात सगळं वाळवण तिच्या हातचं. पापडखाराने बोटं फुटली. रात्री ती भेगांत तेल जिरवायची आणि मी दिवा माझ्या बाजूला ओढून वात मोठी करून घ्यायचो. लग्नाच्या सकाळी मालकीणबाई आमच्या दाराशी येऊन हळू आवाजात सांगून गेल्या, "अक्का, आज पुढं येऊ नका बरं. शुभकार्य आहे..." पापड लाटताना अशुभ न वाटलेले हात अक्षतांच्या वेळी एकदम अशुभ झाले! त्या बाईची मला किळस आली. पण खरी किळस पुढे आहे. मी मांडवात गेलो, पंक्तीला बसलो, अक्काचेच पापड मोडून खाल्ले, जिलबी दोनदा मागून घेतली. परत आलो तर खोलीत तिच्यासाठी ताट आलेलं होतं. पानांवर उरलेला, एकत्र कालवलेला भात, कडेला कुणाचा तरी अर्धा चावलेला लाडू. अक्काने ते ताट गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवलं आणि सकाळची भाकरी घेऊन बसली. "पोट भरलं ना तुहं?" एवढंच तिनं विचारलं.

त्याच रात्री ठरवलं, परीक्षा झाली की नानांना दोन शब्द सुनावायचे. ते दोन शब्द काय असावेत, हे मी कित्येक दिवस घोळवत होतो. इंटरचा शेवटचा पेपर होता, त्या सकाळी खरंच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो... आणि वाकून पाया पडलो.

परवा, सगळे विधी उरकल्यावर, त्या गल्लीत जाऊन आलो. खोली अजून आहे. कॉलेजची दोन पोरं राहतात. त्यांनी आत या म्हटलं, पण माझा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. शेवटच्या पेपराच्या दिवशी मी परतलो, तेव्हा अक्का याच उंबऱ्यावर बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, शेजारी बांधलेलं गाठोडं. दोन वर्षांत इतकं मोकळं हसलेली मी तिला पाहिली नव्हती. म्हणाली, "झाली ना रे परीक्षा? आता जाऊ ना घरी?"

मी पुढे पुण्याला जाणार होतो. धाकटा चुलतभाऊ मॅट्रिकला बसला होता. त्याला एवढ्या स्वस्तात जागा दुसरीकडे कुठे मिळणार? सकाळी पाया पडलो तो त्याच्यासाठी. नानांकडे शब्द टाकून आलो होतो, खोली आमच्याकडेच राहू द्या, अक्का आहेच. तिला तेवढं सांगितलं. "दोनच वर्षं, अक्का," म्हणालो.

ती गाठोडं मांडीवर ओढून गाठ सोडायला लागली. गाठ पक्की बसली होती, फुटक्या बोटांना सुटेना. मग तिनं ती दातांनी सोडली.