पोत्यातली माती

“बांधावरच थांब. खाली उतरू नगंस.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेतकीची पदविका घेऊन मी नुकतीच माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागले होते. कुरुंदवाडजवळच्या एका बागायतदाराच्या रानातला नमुना घ्यायचा होता. ऊस लावायच्या आधी रानात खताचा अंश किती, ते काढायचं. मालकानं विचारलं, कुणाची तू? मी आईचं नाव सांगितलं. झालं. लावणीसाठी रान पुजलंय, आता तुमच्या जातीचा पाय नको, म्हणाला.

ह्याच रानात माझ्या आईनं जन्मभर तण उपटत भांगलण केली. त्या चिखलात तिची बोटं वाकडी झाली. तेव्हा रान बाटलं नाही. लेक मोजायला आली तर बाटायला लागलं.

मी बांधावर उभी. भर उन्हात. त्याच्या गड्यानं चार ढेकळं उचलली, पोटॅशच्या रिकाम्या पोत्यात कोंबली आणि पोतं माझ्या पायाशी टाकलं. हातात दिलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

प्रयोगशाळेत तपासलं तर पालाश, म्हणजे पोटॅशच, भलतंच वर. होणारच. खताच्या पोत्यात माती भरू नका, हे आम्ही गावोगाव कंठशोष करून सांगत होतो. दशलक्ष भागांत किती ते काढायचं, २.२४ नं गुणायचं, की हेक्टरी किलो मिळतात. गुणाकार सोपा. पण तो हिशोब पोत्याचा झाला असता, रानाचा नाही.

साहेबांना सांगितलं. मोठा माणूस आहे, वाद नको, म्हणाले. दुसऱ्या कुणाला तरी रानात पाठवतो, तू इथं बसून हिशोब कर. वर समजूत घातल्यासारखे हसले. ते हसणं मला जास्त झोंबलं. म्हणजे आईसारखंच. राबायचं आम्ही, आणि दिसायचं मात्र नाही.

मी पोतं उचलून त्यांच्या टेबलावर आदळलं.

“रानात मी उतरणार. न्हायतर आकडा मिळणार न्हाय.”

ते खवळले. उद्धट म्हणाले. महिन्याभरात माझी बदली गगनबावड्याला. बागायतदार होता तिथंच मानात राहिला. कुणी त्याला जाब विचारला नाही.

मी गेले. पण एक पक्कं केलं. खड्डा मी खणणार, माती मी घेणार, मगच गुणाकार. ज्या रानाला माझा पाय चालत नाही ते उपाशी मरो. त्याचा हिशोब माझ्या हातून होणार नाही.