गिरदावराचा मुक्काम

बातमी आली ती कथेखालच्या प्रतिक्रियांमध्ये. मी काम करते त्या शाळेच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी मोबाइल उघडला, काकूंच्या मालिकेचा नवा भाग आला का ते बघायला. नवा भाग नव्हता. जुन्याच भागाखाली, 'पुढचा भाग कधी?', 'किती वाट बघायला लावता ताई' अशा ओळींच्या मधोमध काकूंच्याच नावाने कुणीतरी लिहिलं होतं, 'मी त्यांची सून. आई काल गेल्या. आता पुढचा भाग येणार नाही.' त्याखालीही एकीने हसरा चेहरा टाकला होता. तिला वाटलं असावं, हीसुद्धा लेखिकेची युक्ती... भुतांच्या गोष्टी लिहिणारी बाई आपल्याच मरणाची हूल देते आहे. क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग मी काकूंच्या नंबरवर फोन लावला आणि तो त्यांच्या यजमानांनी, वामनकाकांनी उचलला. इतक्या वर्षांत त्यांनी तो फोन कधीच उचलला नव्हता.

सुलोचनाकाकूंना वाचक 'निशिगंधा' म्हणून ओळखत. मोबाइलवरच्या एका मराठी कथांच्या ॲपवर त्या भुतांच्या प्रेमकथा लिहीत. मी आदिलाबाद शहरातली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात तेलुगू आणि हिंदी. देवनागरी वाचता येत होती ती शाळेतल्या हिंदीमुळे. मराठी पुस्तक आपणहून कधी उघडलं नव्हतं. एकदा कुणीतरी पाठवलेली लिंक म्हणून काकूंची मालिका उघडली, तर तिची नायिका रागावली की 'का?' न म्हणता 'काऊन?' म्हणत होती, आणि कापसाचे पैसे आणायला बसने आदिलाबादला येत होती. छापलेल्या अक्षरात आमच्या घरची बोली मी पहिल्यांदा पाहिली. फार विचार करून मी खासगी संदेश पाठवला, 'तुम्ही आमच्याकडच्या आहात का?' उत्तर लगेच आलं. 'तुमच्याकडच्या म्हंजे कोणाकडच्या? मी तामसीच्या बाजूची. तू कोणाची?'

आमच्या भागात ओळखीची सुरुवात अशीच होते. आधी कोणाची ते, मग नाव. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी तामसीची बस धरली. घराच्या पडवीत वामनकाका ज्वारी निवडत बसले होते. मला बघून त्यांनी आत हाक मारली, "ये वं, तुही वाचक आली. मले वाटलं भूत येते का काय!" काकू आतल्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून, चष्मा नाकावर आणून, एका बोटाने मोबाइलवर लिहीत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "बस माय. एवढं याचं बोलणं होऊ दे. मधातच थांबवलं का हा माणूस रुसते." तो माणूस म्हणजे दिगंबर गिरदावर. त्याला मरून पाऊणशे वर्षं झाली होती.

निजामाच्या काळात पिकांची पाहणी करत गावोगाव फिरणारा महसुलाचा माणूस म्हणजे गिरदावर. काकूंचा दिगंबर असाच एक तरुण. पाहणीला आला, तापाने फणफणला, एका शेतकऱ्याच्या पडवीत त्याने प्राण सोडला आणि पडवी मात्र सोडली नाही. पुढे निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात आलं, भाषेप्रमाणे राज्यं झाली तेव्हा ते गाव आंध्रात राहिलं, आणि परवा परवा तेलंगणात आलं. दिगंबर हलला नाही. घरात नवी सून आली की तो फक्त विचारी, "बाई, आता सरकार कोणाचं?" यमुना नावाच्या सुनेला तो पहिल्यांदा दिसतो आणि दुपारी, घरातली माणसं शेतात गेली की, दोघं बोलत बसतात. तो तिला हात लावत नाही. ती जेवली का ते विचारतो, तिच्या माहेरची वाट कोणत्या गावांवरून जाते ते सांगतो... सगळ्या शेतांचे बांध, मेरा त्याला पाठ. एवढंच प्रेम. मला काकू एकदा म्हणाल्या होत्या, "मी हललीच नाही, तरी माह्यं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं." त्यांचं माहेर निर्मलच्या बाजूचं, आणि नव्या जिल्ह्यांच्या वाटणीत निर्मल वेगळं झालं होतं. दुसऱ्याच आठवड्यात दिगंबरने यमुनेला ते समजावून सांगितलेलं मी वाचलं.

भयकथांचे वाचक तक्रार करत की हे भूत घाबरवत नाही. प्रेमकथांचे वाचक म्हणत, निदान एकदा तरी मिठी मारू द्या. काकू दोघांनाही हात जोडलेलं चित्र पाठवत आणि मनासारखंच लिहीत.

या ॲपवर लिहिणाऱ्या बायकांचा एक गट होता. रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल चाले. कुणी बँकेत, कुणी घरी, कुणी सात महिन्यांची पोटुशी; एक यक्षिणी लिहिणारी, एक पुनर्जन्म लिहिणारी. काकूंनी मलाही त्यात ओढलं. मी लिहीत नव्हते, कॅमेरा बंद ठेवून ऐकत असे. गटात एक प्रथा होती, भूत उसनं देण्याची. कुणाच्या कथेत गर्दी कमी झाली तर दुसरीचं लोकप्रिय पात्र एखाद्या भागापुरतं तिच्याकडे पाहुणं जाई, म्हणजे त्या पात्राचे वाचकही मागोमाग जात. दिगंबरला सगळ्यात जास्त मागणी. काकू कधी नाही म्हणत नसत. "विरजण देल्यानं आपलं दही कमी होते का?" एवढंच म्हणत.

पुण्याकडची अवनी त्यांची विशेष लाडकी. तिच्या कथांत देखणे, श्रीमंत, शापित तरुण असत. काकू तिला कॉलवर चिडवत, "तुहे सारे हिरो कंपनीचे मालकच काऊन असते वं? शाप लागाले गिरणीवाला नाही भेटत का?" सगळ्या हसत, अवनी सगळ्यांत मोठ्याने. एका रविवारी तिनेच विचारलं, "काकू, शेवटी दिगंबरला मुक्ती देणार ना?"

"काऊन? त्यानं मांगितली का?"

"पण किती वर्षं बिचारा अडकून पडलाय. निदान महाराष्ट्रात तरी आणा त्याला. आपला माणूस आहे."

काकूंनी चष्मा नाकावरून वर सरकवला. मग म्हणाल्या, "तो अडकला नाही वं बाई. तो राहून राह्यला. अडकनं येगळं, राह्यनं येगळं." अवनी "हो हो" म्हणाली आणि बोलणं पुढे गेलं. तिला ते कळलं नसावं. मला कळलं असं वाटलं होतं, पण किती कळलं होतं कोण जाणे. मी बंद कॅमेऱ्यामागे ऐकत राहिले.

वामनकाकांनी मालिकेची एक ओळ वाचली नव्हती. "मले टाइम नाही. भुताले टाइमच टाइम," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण घरात दिगंबरचा वावर त्यांनी मान्य केला होता. भाजीत मीठ जास्त झालं की विचारायचे, "आज गिरदावर साहेबाचं लय काम होतं का?" काकू म्हणत, "हो, तुमच्यासारखं नुसतं हूं हूं नाही करत तो. बोलते माह्याशी." काका ताटातून मान वर काढत नसत. एकदा मात्र मला बसपर्यंत सोडायला आले तेव्हा, बस दिसू लागल्यावर, दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "दिसते कसा म्हणे तो? लिवलं का तिनं?" मी म्हटलं, "उंच आहे, सावळा. कानावर पेन्सिल ठेवतो." "पेन्सिल," ते म्हणाले आणि बसला हात केला.

काकू झोपेतच गेल्या. आजार असा काही नव्हता. तेराव्याला मी गेले तेव्हा निजामाबादहून मुलगा आणि सून आले होते. मुलगा तिथे नोकरीला. वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. काकांनी मात्र पडवीतून नकार दिला. "घर सोडून कसा येऊ?" शेत बटाईने देता येईल, म्हैस शेजारी बांधता येईल, मुलाने एकेक गोष्ट सांगितली. शेवटी काका म्हणाले, "तिचा माणूस हाये न घरात. त्याले कोणापाशी ठेवू?" मुलगा माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसला. काका हसले नाहीत.

इकडे गटात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की काकूंना श्रद्धांजली म्हणून प्रत्येकीने दिगंबरवर एक कथा लिहायची. मी त्या सगळ्या वाचल्या. मनापासून लिहिलेल्या होत्या, काही रडून लिहिलेल्या. आणि एकीनेही त्याला पडवीत राहू दिलं नव्हतं. एका कथेत यमुना त्याच्या नावाने दिवा नदीत सोडते आणि तो विरून जातो. एकीत तो रेल्वेत बसून एकदाचा महाराष्ट्रात पोचतो आणि तिथल्या मातीला हात लावताच मोकळा होतो. अवनीच्या कथेत निशिगंधा नावाची एक बाई उजेडातून येते, त्याचा हात धरते आणि दोघं निघून जातात. त्या कथेला शेकड्यांनी प्रतिक्रिया आल्या. 'आज खरी शांती मिळाली त्यांना.' मी वाचत गेले आणि मला आतून काहीतरी टोचत गेलं, पण ज्या बायका काकूंसाठी रडत होत्या त्यांना मी काय म्हणणार होते?

सुनेनेही अवनीची कथा वाचली. तिला ती फार आवडली, आणि तिच्या मनात एक साधा, प्रेमळ विचार आला. तिने ती सासऱ्यांना वाचून दाखवली. "बाबा, बघा, तो गेला आईसोबत. आता घरात कोणी नाही. आता तरी चला." काका उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "पोरी, जरा येऊन जा. एक गोष्ट इचाराची हाये."

मी गेले तेव्हा पडवीत बॅग भरून ठेवली होती. मुलगा मोटार आणायला गेला होता, सून भांडी आवरत होती. काकांनी मला समोर बसवलं. "तू सारं वाचलं. खरं सांग. सोडलं म्हणे त्याले?"

मला घाईत बोलता येत नाही. नेमके शब्द आधी इंग्रजीत येतात, मग त्यांना घरी आणावं लागतं. मी म्हटलं, "त्यांनी सोडलं, काका. त्यांच्या गोष्टीत. काकूंनी नाही सोडलं."

"तिनं शेवटी काय लिवलं?"

मी मोबाइल काढून काकूंचा शेवटचा भाग वाचायला लागले. कुणासमोर मोठ्याने मराठी वाचायची ती माझी पहिली वेळ, जोडाक्षरांपाशी अडखळत होते. त्या भागात विशेष काही घडत नाही. दुपार आहे, यमुना वाती वळते आहे, दिगंबर पडवीत बसून विचारतो की यंदा कापूस किती झाला, आणि ती म्हणते, उद्या सांगते. एवढ्यावर भाग संपतो. वाचून झालं तेव्हा मुलगा दारात उभा होता.

"आयकलं?" काका त्याला म्हणाले. "हाये तो."

मुलगा माझ्यावर चिडला नाही, बॅगेचा पट्टा हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुमी आदिलाबादला राहता. बाबाले काही झालं तर इथं कोण हाये? गोष्टीतला माणूस दवाखान्यात नेते का?" मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी मोटार दोघांनाच घेऊन गेली, आणि सुनेने जाताना मला शेजाऱ्यांचा नंबर दिला.

घरी येऊन मी अवनीला फोन केला आणि झालं ते सांगितलं. काकूंचं 'राहून राह्यला' तिला आठवत होतं. ती रडायला लागली. "मला वाटलं, त्यांना आवडेल..." कथा काढून टाकते म्हणाली. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. पोरीनं मनानं लिवलं." तिने ती तरीही काढली. मला मात्र राहून राहून वाटतं, काकू असताना त्या रविवारी मी एकदा तरी विचारायला हवं होतं, राहणं म्हणजे नेमकं काय हो काकू? त्यांनी सांगितलं असतं. त्यांना सांगायला आवडायचं, आणि विचारणारं घरात कुणी नव्हतं.

मागच्या रविवारी मी परत गेले. वेचणी सुरू झाली आहे, आतल्या खोलीत नवा कापूस येऊन पडला आहे. काकांनी चहा केला. पडवीत दोन बाजा टाकलेल्या होत्या, काका एकीवर बसले, मी उंबऱ्यापाशी. दुसरी बाज रिकामी होती. तीवर धुवट चादर अंथरलेली होती. चहा संपल्यावर काकाच म्हणाले,

"तू म्हणली तसा हाये तो. मी दुपारचा बसतो इथं." मग त्यांनी दुसऱ्या बाजेवरची चादर हाताने सारखी केली.

"पण माह्याशी काही बोलत नाही वं. तिच्याशीच बोले."